प्लेटोचे खांदे

क्वीन्सटाउन,
१६ जून २०२५

सुबोध,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन थांबलं. सहा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, आता एकदम आशीर्वाद कसला द्यायचा? फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे टपाल. चार स्टेशनांवर, क्लेमेंटीत राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवणारी या बेटावर मी एकटीच असेन.

कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे चैत्रालीचं ठरलं. मुलगा प्रतीक, आयटीतच आहे, सेरंगूनला आईवडिलांबरोबर राहतो. माणसं समंजस वाटली. रविवारी सहा जुलैला आमच्याकडेच साखरपुडा आहे. एकुलत्या एका मामाने यायला हवं. दिलीपनेही मला तीनदा सांगितलं, सुबोधला बोलाव म्हणून.

दुसरं, तुझी मधुरा मला परवा मॉलमध्ये भेटली. तिच्यावर डाफरू नकोस, हाक मीच मारली. तिच्याकडून कळलं की तुमच्या क्षितिजला आठ जुलैला लष्करात, नॅशनल सर्व्हिससाठी हजर व्हायचंय आणि तू त्याची तयारी करून घेतो आहेस. रोज दुपारी पाठीवर पंचवीस किलो तांदूळ बांधून तुमच्या ब्लॉकचे चाळीस मजले जिन्याने! आणि संध्याकाळी तू घरी आलास की तुझा सॉक्रेटिस आहेच, बर्फावरून अनवाणी चालणारा. त्या पोराने लहानपणी परीकथा कधी ऐकल्याच नाहीत. प्लेटो कसा मल्ल होता, क्लिअँथिस आधी मुष्टियोद्धा आणि मग बागांना पाणी शेंदून घालणारा कसा झाला, हेच ऐकत तो वरणभात जेवला. मला हसू आलं. रागावू नकोस, तुझं हे वेड मला आवडायचं.

एकच विचारते. चढताना त्याला चक्कर येते का? डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीत धडधडतं का? सहज विचारून बघ. बाकी काही नाही.

साखरपुड्याची वेळ सकाळी अकरा.

कुमुदताई


क्वीन्सटाउन,
२१ जून

सुबोध,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. 'अभिनंदन. यायला जमेल असं वाटत नाही. क्षितिज ठणठणीत आहे, त्याला पुन्हा दुबळा ठरवायला येऊ नकोस.'

तो 'पुन्हा' वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. म्हणजे तू अजून सहा वर्षांपूर्वीच्या त्या गणपतीतच आहेस. मीही तिथेच आहे म्हणा. हॉल भरलेला, तुझं भाषण 'बलोपासना आणि ग्रीक तत्त्वज्ञ', बोललासही छान. मोठा विचार पेलायला मोठी छाती लागते, म्हणालास. प्लेटोचं हे नावच मुळी त्याच्या रुंद खांद्यांवरून पडलं म्हणतात, हे सांगितलंस तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मग बारा वर्षांच्या क्षितिजला स्टेजवर उभं केलंस आणि जोर काढायला सांगितलेस. शंभर. लोक मोजत होते. साठाच्या पुढे त्याचे ओठ पांढरे पडले. तुला ते दिसत नव्हतं, तू प्रेक्षकांकडे बघत होतास. मी स्टेजवर चढले आणि त्याला दंडाला धरून खाली ओढलं.

लोक काय म्हणाले ते माझ्याही कानावर आलं. हिला मुलगा नाही, म्हणून भावाच्या मुलाचं कौतुक बघवत नाही. मी ते म्हणू दिलं. खरं कारण सांगण्यापेक्षा मत्सरी ठरलेलं मला परवडलं, सुबोध.

खरं कारण आज थोडं सांगते. आपला विक्रांतदादा काविळीने गेला नाही.

तू बारा वर्षांचा होतास, पुण्याला मामाकडे शाळेत. तुला तिसऱ्या दिवशी मिरजेला आणलं आणि सांगितलं, अंगात कावीळ मुरली होती. तू तेच धरून बसलास, तुझा काय दोष? पण मी तिथे होते. रोज पहाटे दादासाठी बदामाचं दूध घेऊन मी तालमीच्या दारापर्यंत जायचे, आत बायकांना मज्जाव. त्या दिवशी त्याच्या बैठका झाल्या होत्या. हौद्याच्या कडेला मातीत उभा होता, माझ्याकडे बघून हसला, हात वर केला आणि तसाच आडवा झाला. मला वाटलं थट्टा करतोय. मी बाहेरून त्याला म्हणत राहिले, ऊठ की रे, दूध निवतंय. तेवीस वर्षांचा होता.

त्याच्या हृदयात दोष होता. असा दोष घराण्यातून खाली उतरतो, भावाला, बहिणीला, त्यांच्या मुलांना. जड काम करताना, उन्हात धावताना एकदम दगा देतो. म्हणून मी विचारत होते चक्कर येते का.

लष्कराच्या फॉर्मवर 'कुटुंबात कोणाला हृदयविकार?' असा प्रश्न असतो म्हणे. मधुरा सांगत होती, तुम्ही तिथे 'नाही' लिहिलंत. तू खोटं लिहिलं नाहीस, तुला माहीतच नव्हतं. आता माहीत आहे. ते बदल. क्षितिजचा इको करून घे, अर्ध्या तासाचं काम आहे.

तुझ्या ग्रीकांपैकी थेलिसची गोष्ट तू त्याला कधी सांगितलीस का? मी लायब्ररीत बसून वाचली. पहिला तत्त्वज्ञ समजतात त्याला. म्हातारपणी मल्लांचे खेळ बघायला बसला आणि उन्हाने, तहानेने तिथेच गेला म्हणतात. ही गोष्ट तू गाळतोस.

ताई


क्वीन्सटाउन,
२८ जून

सुबोध,

या वेळी तू पानभर लिहिलंस. राग का होईना, पानभर तरी आला.

बाबा खोटं बोलणारे नव्हते, असं तू लिहितोस. दादाच्या नावावर गोष्टी रचू नकोस, असंही. क्षितिजची ईसीजीची पट्टी नॉर्मल आली, लष्कराच्या डॉक्टरांपेक्षा तू शहाणी का, असंही. आणि शेवटी, पुरावा असेल तर दाखव, नाहीतर माझ्या मुलाच्या वाटेतून दूर हो.

सुबोध, पट्टी नीट येऊनही आत दोष असू शकतो. हे मला पक्कं माहीत आहे, कसं ते विचारू नकोस. आणि पुरावा नाही. दादाचे कागद बाबांनी बंबात घातले.

आता मी केलेला आगाऊपणा ऐक. काल दुपारी मी क्लेमेंटीला आले होते. तू ऑफिसात असशील अशा बेताने. तुमच्या ब्लॉकखाली बाकावर बसले. तीनच्या सुमारास क्षितिज जिन्यातून बाहेर पडला, पाठीला तांदळाची बॅग, टीशर्ट पिळून काढावा इतका ओला. केवढा झालाय रे! खांदे थेट दादाचे.

मला बघून दचकला. "आत्या! व्हाय यू हिअर? पपाला माहितीये?"

"नाही. तू सांगणार आहेस का?"

"नो लाह." आणि हसला.

त्याला समोरच्या हॉकर सेंटरमध्ये नेलं. थंड मायलोचे दोन ग्लास एका दमात प्यायला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, चढताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येते का रे? तो स्ट्रॉशी खेळत बसला. मग म्हणाला, "लास्ट वीक वन टाइम. थर्टी-समथिंग फ्लोअर. ब्लॅक आउट, बट ओन्ली टू सेकंड्स. उठलो तेव्हा पायरीवर होतो. देन ओके ऑरेडी."

"पपाला सांगितलंस?"

"आत्या, प्लीज. पपाला सांगू नको. ही विल बी सो... यू नो." मग म्हणाला, "सॉक्रेटिस स्टूड होल डे अँड होल नाइट. मी चाळीस मजले पण नाही करू शकत?"

त्याने मला शपथ घातली आणि मी ती चोवीस तासांच्या आत मोडते आहे. तुझा मुलगा जिन्यात बेशुद्ध पडला, सुबोध. डोकं आपटलं नाही हे नशीब. दादासुद्धा आधी दोनदा असाच पडला होता.

मी पाया पडते तुझ्या. मोठी आहे तरी पडते. दहा दिवस उरलेत. त्याला डॉक्टरकडे ने.

ताई


क्वीन्सटाउन,
३ जुलै

सुबोध,

मधुराने निरोप दिला. तू क्षितिजला विचारलंस, तो म्हणाला 'काही झालं नाही, आत्याने चुकीचं ऐकलं', आणि तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस. दुसऱ्या दिवशी बॅगेत तीस किलो. मला तुझा इतका राग आला की घरातल्या घरात चालत राहिले. पण त्या पोराला खोटं बोलायला आपण दोघांनी लावलं, तू धाकाने आणि मी गप्प बसून.

मागच्या पत्रात मी लिहिलं, पुरावा नाही. ते खोटं होतं. पुरावा आहे, गेली तीन वर्षं माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत आहे.

नीट सांगते, एकदाच सांगेन. दादा दुसऱ्यांदा पडला तेव्हा बाबा त्याला मिरजेतल्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, याच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय, तालीम आजपासून बंद. आणि याच्या भावंडांनाही तपासून घ्या. महिन्यावर दादाची मोठी कुस्ती होती. बाबा रस्त्यात म्हणाले, कुस्ती होऊ दे, मग बघू. दादाला काय सांगितलं माहीत नाही. एकवीस दिवसांनी तो गेला.

त्या सकाळी बाबांनी मला परसात नेलं. म्हणाले, कावीळ होती असं सांगायचं. तुझं लग्न व्हायचंय. हृदयाच्या दुखण्याचं घर म्हटल्यावर कोण स्थळ येईल? सतरा वर्षांच्या मुलीने काय म्हणायचं होतं? मी मान हलवली. पाच वर्षांनी दिलीपच्या आईने बघण्याच्या दिवशी विचारलं, तुमचा थोरला कशाने गेला हो? मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मीच म्हणाले, कावीळ. बाबांना बोलावंही लागलं नाही.

तर तुझ्या बाबांचं ते खोटं माझ्यासाठी होतं. तुला तपासलं नाही, मला तपासलं नाही, कारण तपासलं तर कागद होतो.

तीन वर्षांपूर्वी बस पकडायला धावले आणि फुटपाथवर बसकण मारली. दिलीप बोटीवर होता. मी एकटी जाऊन तपासून आले. पट्टी बरी होती. इकोत दिसलं. दादाला होतं तेच मलाही आहे. डॉक्टरीणबाईंनी नीट बजावलं, भावाला सांगा, मुलीला सांगा. मी हो म्हणाले. घरी आले आणि कोणालाच सांगितलं नाही. गोळी घेते, दिलीपला सांगितलंय ब्लडप्रेशरची आहे. तेव्हा चैत्रालीसाठी स्थळं बघायला नुकतीच सुरुवात झाली होती.

वाचलंस? मी बाबांसारखंच वागले. अगदी तसंच, शब्दाशब्दाने. त्यांना मी पस्तीस वर्षं मनात शिव्या घातल्या.

काल रात्रीची जेवणं झाल्यावर दिलीपला आणि चैत्रालीला समोर बसवलं आणि सांगितलं. दिलीप म्हणाला, "बत्तीस वर्षं माझ्या ताटात वाढलंस, कुमुद, हे तेवढं वाढलं नाहीस." उठून गॅलरीत गेला. आज सकाळी चहा स्वतः करून घेतला, माझा ठेवला नाही.

चैत्राली रडली नाही. तिने विचारलं, "क्षितिज कधी जाणार आहे?" मी म्हटलं, मंगळवारी. "मग तू अजून इथे काय करतेयस, आई?" एवढं बोलून तिने तिथेच प्रतीकला फोन लावला, माझ्यासमोर सगळं सांगितलं. त्याच्या घरून आज निरोप आला, आधी तिची तपासणी होऊ दे, साखरपुडा तूर्त थांबवू. पुढे काय होईल ते होईल. मुलीच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

सोबत माझा रिपोर्ट आहे. वरचं नाव वाच, तारीख वाच. तुला पुरावा हवा होता ना, हा घे, माझ्या घरादारासकट.

हे पत्र रजिस्टर करते आहे, तू सही केलीस की मला कळेल. रिपोर्टची दुसरी प्रत क्षितिजच्या नावाने वेगळी पाठवली आहे. त्याला वाचायचा हक्क आहे, हृदय त्याचं आहे. याबद्दल मला माफ करू नकोस, चालेल.

ताई


७ जुलै, सोमवार
सकाळचे दहा पन्नास

सुबोध,

हे क्लिनिकच्या बाकावर बसून लिहिते आहे. कागद मधुराच्या पर्समधला आहे. लिहून झालं की ती फोटो काढून तुला पाठवेल, तिला तरी तू ब्लॉक केलेलं नाहीस.

शुक्रवारी तू सही केलीस. त्यानंतर तीन दिवस काहीच नाही. काल साखरपुडा झाला नाही. फुलवाल्याला 'नको' सांगायचं राहिलं होतं, त्याने हार आणून दिले. दिलीपने ते घेतले आणि देवाला घातले. मग मला म्हणाला, "उद्या मी येऊ का बरोबर?" चार दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य. मी नको म्हटलं, चैत्रालीबरोबर जा, तिचीही तपासणी आज दुपारी आहे.

काल संध्याकाळी क्षितिजने दार वाजवलं. पत्र हातात, मागे मधुरा. त्याने स्वतः लष्कराच्या हेल्पलाइनला फोन केला होता. चक्कर आल्याचं सांगितलं, घरातल्या दोन्ही केसेस सांगितल्या. तिकडून सांगितलं, जड व्यायाम ताबडतोब बंद, रिपोर्ट घेऊन या, पुढचं डॉक्टर ठरवतील. म्हणजे उद्या त्याला कोणी पळायला लावणार नाही. हे त्याने केलं, आपण दोघांनी नाही. तुझ्या सगळ्या मल्लांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या मुलाने 'मी पडलो होतो' हे वाक्य अनोळखी माणसाला फोनवर सांगितलं.

मधुराने हेही सांगितलं की तू शुक्रवारपासून त्याच्याशी बोललेला नाहीस. बॅगेतले तांदूळ काढून डब्यात भरलेस आणि खोलीत जाऊन बसलास. मी तुला ओळखते. तू त्याच्यावर रागावलेला नाहीस. तो जिन्यात पडला तेव्हा ते वजन तू भरलेलं होतंस, हे तुला कळलं आहे आणि आता त्याच्याकडे बघायची तुला भीती वाटते. मलाही वाटायची. दादाच्या फोटोकडे मी किती वर्षं बघितलं नाही, ठाऊक आहे तुला?

दहाला त्याला आत घेतलं. इको झाला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला आणि मधुराला सांगून गेल्या. आहे, सुबोध. त्यालाही आहे. माझ्यापेक्षा जास्त जाड. पण वेळेत कळलं. औषध आहे, लक्ष ठेवता येतं, गरज पडली तर छातीत छोटं यंत्र बसवतात. पोहणं नाही, पळणं नाही, तीस किलो नाही. चालणं आहे, शिकणं आहे, म्हातारं होणं आहे. मधुरा माझा हात सोडत नाहीये, म्हणून अक्षर असं येतंय.

हे तुझ्यात किंवा माझ्यात सुरू झालेलं नाही, बाबांच्या किंवा आईच्या रक्तातून आलं आहे आणि त्याच्यापर्यंत तुझ्यातूनच पोचलं आहे. म्हणून मी काउंटरवर दोन नावं दिली आहेत. साडेअकराची वेळ तुझ्या नावावर आहे. तू एकोणपन्नास वर्षांचा आहेस आणि गेले तीन महिने ऑफिसातून आल्यावर स्वतःही तोच जिना चढतो आहेस.

क्षितिजला त्यांनी शर्ट घालून बाहेर बसवलंय, माझ्या शेजारी. निकाल ऐकून तो रडेल असं मला वाटलं होतं. तो नुसता दाराकडे बघत होता. दर वेळी दार उघडलं की मान वर, मग खाली. मी म्हटलं, बाळा, भीती वाटते का? नाही म्हणाला. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाला, "आत्या, आता मी नाही उचलू शकत. देन पपा हाउ?"

मला वाटलं, त्याचं इंग्रजी मला समजलं नाही. पुन्हा विचारलं. तर तो हेच विचारत होता. त्याचं स्वतःचं काय होईल हे नाही. माझ्या पपाचं आता कसं होईल, हे.

सुबोध, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. टॅक्सीने वीस मिनिटं लागतात. ये.

ताई